पार, बत्ती आणि बांगडी

देऊळगाव राजा आणि आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी चुलींजवळ माझं अक्षर आहे, माझं नाव मात्र कुठंच नाही. भांड्यांवर नावं घालणं हा माझा धंदा. चाळीस वर्षं केला आणि आता बंद केला. हात थरथरायला लागल्याचं घरच्यांच्या आधी मला कळलं, कारण एका सुनेच्या ताटावर ‘सौ.’ची मात्रा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली. सुनेला ते दिसलं नाही. सासूला दिसलं. सासवांना सगळं दिसतं.

माझी जागा बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर होती. एक पोतं, एक लाकडी ठोकळा, एक टोच्या, एक हातोडी, मागाहून घेतलेली विजेची मशीन आणि पॉलिशचं चाक, एवढंच दुकान. नाव मुनीर, पण लोक चाचाच म्हणत. माझ्याहून म्हातारी माणसंही चाचा म्हणत, तेव्हा मी कुणाला दुरुस्त करायला गेलो नाही.

बाहेरच्याला वाटतं, नाव घालणं म्हणजे लिहिणं. हाताच्या कामात लिहिणं नसतंच, ठोकणं असतं. पोलादी टोच्या भांड्यावर उभा धरायचा, वरून हातोडीचा हलका ठोका द्यायचा, एक ठिपका उमटतो. असे ठिपके जवळजवळ देत गेलं की रेघ होते, रेघांचं अक्षर होतं. आधी डोक्यावरची रेघ मारायची आणि मग अक्षरं तिला टांगायची, नाहीतर गोल पोटाच्या भांड्यावर नाव खाली घसरत जातं आणि ‘रामभाऊ’ पायऱ्या उतरल्यासारखे दिसतात. नाव काठाजवळ घालायचं, बुडाला नाही, कारण बूड काजळतं. पितळ मऊ असतं, ऐकतं. स्टील हट्टी. मशीन आल्यावर हा सगळा खटाटोप गेला. मशीनची सुई नुसती फिरवायची, ती घर्र करत वरच्यावर ओरखडत जाते. मी दिवसाला तीनशे नावं काढू लागलो आणि स्वतःला फार मोठा समजू लागलो.

नाव कशाला घालायचं, असं शहरातली माणसं विचारतात. आमच्याकडे पंगत उठते ती वीस घरांच्या भांड्यांवर. कुणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, कुणाची परात, कुणाचे पाण्याचे गुंड. दुसऱ्या दिवशी ज्याचं त्याला पोचवायचं म्हटलं, तर नावाशिवाय भांडणंच. एका परातीवरून दोन जावा अकरा वर्षं बोलत नव्हत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. परात मात्र तिसरीकडेच होती.

गिऱ्हाइकं एकेक नमुन्याची. एक गृहस्थ देवळाला समई द्यायची म्हणून आले. म्हणाले, ‘‘चाचा, माह्यं नाव घाला. पन नावाच्या आधी दोन अक्षरांची जागा सोडा.’’ मी विचारलं, कशाला? ‘‘कै. घालाले. पोरगं कंजूस हाये, नवी समई देनार नाही. इथंच भागवून घेईन.’’ मी जागा सोडली. ते त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले आणि दर वर्षी देवळात जाऊन ती मोकळी जागा बघून येत. दुसरे एक जण एकावन्न चमच्यांवर पूर्ण नाव, गाव, तालुका घाला म्हणून बसले. चमच्याच्या दांड्यावर तालुका मावत नाही, हे त्यांना पटवायला माझी अर्धी दुपार गेली.

पण मला आज सांगायचं आहे ते अक्षरांबद्दल नाही. अक्षरांच्या आधी अब्बा जे घालत, त्याबद्दल आहे.

माझे अब्बा हेच काम करत, त्याच पायरीवर. त्यांची निम्मी गिऱ्हाइकं म्हणजे न शिकलेल्या बाया. भांडं बाईचं, ओळखायचं बाईनं आणि नाव घालायचं अक्षरात, जे तिला वाचता येत नाही. अब्बांना हा प्रकार वेडेपणाचा वाटे. ते म्हणत, ‘‘मुनीर, जिसका बर्तन उसको समजना. बस.’’ म्हणून ते बायांची नावं चित्रांत घालत.

कमलबाई असेल तर कमळ, शेवंताबाई असेल तर शेवंती. हे कुणालाही सुचेल. पण सुमनचं चित्र काय काढणार? अब्बा एक सुई काढत आणि तिच्याजवळ एक मणी. मण्याला आमच्या बाया मनीच म्हणतात. सुईतला ‘सु’ घ्यायचा, मनीतला ‘मन’ घ्यायचा, झालं सुमन. शिवणकामाशी त्या बाईचा काही संबंध नाही, वस्तू फक्त आवाजासाठी उभी केलेली. मनकर्णा म्हणजे तोच मणी आणि पुढं लग्नात वाजतो तो कर्णा. पारूबाईला झाडाभोवतीचा पार. शेवटी एक छोटी बांगडी काढली की समजायचं, नाव बाईचं आहे. पुरुषाला बांगडीच्या जागी पागोटं. बायकांना हे शिकवावं लागत नसे. आपलं भांडं त्या एकदा हातात घेऊन बघत, हसत, आणि मग शेजारणीचंही ओळखू लागत.

एकदा एक बाई नवरा गेल्यावर आली आणि म्हणाली, बांगडी तेवढी मिटवून द्या. अब्बांनी भांडं बघितलं आणि परत दिलं. ‘‘नाम बेवा नहीं होता, बाई,’’ एवढंच म्हणाले. ती भांडं घेऊन गेली.

मी दहावीपर्यंत शिकलेला. मला या चित्रांची थोडी लाज वाटे. अब्बा गेल्यावर मी एकही चित्र घातलं नाही. सगळ्यांची नावं अक्षरात, मशीननं, झोकदार.

दीडेक वर्षापूर्वी मेघा नावाची मुलगी माझ्या घरी आली. आमच्याकडच्या उंद्रीची, पुण्याला शिकते, जुन्या लिप्यांवर काहीतरी करते. तिच्या आजीच्या तांब्यावर मणी, कर्णा आणि बांगडी होती. आजी म्हणाली, हे माझं नाव आहे, देऊळगावच्या मियाँनं घातलेलं. मेघा तो तांब्या पिशवीत घालून विचारत विचारत माझ्यापर्यंत आली. अब्बांची पद्धत मी सांगत गेलो तशी ती सरसावून बसली आणि मग तिनं मोबाइलवर मला एक रंगीत पान दाखवलं.

मेक्सिको म्हणून देश आहे, अमेरिकेच्या खाली. तिथं नाहुआत्ल नावाची भाषा आहे, अजूनही बोलतात. त्यांच्याकडे जुन्या काळी झाडाच्या सालीच्या कागदावर चित्रं काढून लिहीत. गावाची खानेसुमारी असेल तर एकेक घर काढायचं, घरातल्या माणसाचं नुसतं डोकं काढायचं आणि डोक्यापासून एक बारीक रेघ ओढून तिच्या टोकाला त्याचं नाव बांधायचं. नाव म्हणजे चित्र. माणसाचं नाव साप असेल तर साप. पण सगळी नावं अशी सोपी नसतात, ती तिथंही नव्हती. मग ते अब्बांसारखंच करत. त्यांच्या भाषेत दगडाला ‘तेत्ल’ म्हणतात, त्यातला नुसता ‘ते’ घ्यायचा. पाण्याला ‘आत्ल’, त्यातला ‘आ’. दात काढले की ‘त्लान’. दगड, पाणी आणि दात यांचा त्या माणसाशी काही संबंध नाही, फक्त आवाज उसना घेतलेला.

पुढं तिथं स्पेनचे लोक आले आणि त्यांची नावं कुणी कधी ऐकलेली नव्हती. मेंदोसा असं त्यांच्या एका बड्या साहेबाचं आडनाव. त्याचं चित्र काय काढणार? लिहिणाऱ्यानं एक घायपात काढला, आपल्या बांधावर असतो तसाच, आणि त्याला लागून बिळात राहणारं उंदरासारखं जनावर. घायपाताला ते ‘मेत्ल’ म्हणतात आणि त्या जनावराला ‘तोसान’. ‘मे’ आणि ‘तोसा’ जोडलं की झालं साहेबाचं आडनाव. साहेबाला कळलं का की आपल्याला घायपात आणि उंदीर करून ठेवलंय, असं मी विचारलं. मेघा म्हणाली, कुणास ठाऊक. असं लिहिणाऱ्याला तिकडं त्लाकुइलो म्हणत. मला ते नीट म्हणता येईना. पण इतक्या लांब, समुद्रापलीकडं, अब्बांच्याच धंद्याचा माणूस बसला होता हे ऐकून माझा ऊर भरून आला. मी ज्याची लाज धरली ते शिकायला पुण्याहून पोरी येत होत्या.

मी विचारलं, ‘‘पण बेटा, आज तुम्ही वाचता ते बरोबरच आहे, हे कशावरून?’’

ती म्हणाली, ‘‘एका चित्रावरून काहीच सिद्ध होत नाही, चाचा. पुष्कळ नावं गोळा करायची. एकच खूण वेगवेगळ्या नावांत आली आणि प्रत्येक वेळी तोच आवाज देत असली, तर ती खरी. कुठं कुठं चित्राच्या शेजारी तेच नाव अक्षरातही लिहिलेलं सापडतं, त्याचाही ताळा बघायचा.’’ मग तिनं अब्बांची भांडी शोधायला सुरुवात केली. कागद भांड्यावर धरून वरून पेन्सिल घासायची की चित्र कागदावर उतरतं. उंद्री, देऊळगाव आणि आसपासच्या गावांतून तिनं असे तीसेक कागद जमवले. बायांना तिचं कौतुक वाटे आणि संशयही. एकीनं विचारलं, भांडी जप्त होणार आहेत का?

गेल्या दिवाळीच्या आधी पारबती माझ्या दारात आली.

चाळिशीतली बाई. लग्नात सासरच्यांनी नाव बदलून मंदाकिनी ठेवलेलं, पण माहेरच्या लोकांच्या आणि तिच्या स्वतःच्या तोंडी पारबतीच. नवऱ्याचं नाव समाधान. समाधाननं दुसरा घरोबा केला आणि हिला माहेरी पाठवून दिलं. ती भावाच्या घरी किती दिवस राहणार? तिला स्वयंपाक येतो, दोनशे माणसांची पंगत एकटी उठवते अशी तिची ख्याती. दोन बाया हाताशी घेऊन लग्नकार्यात स्वयंपाक करायचा आणि आपल्या पायांवर उभं राहायचं, असं तिनं ठरवलं होतं. त्यासाठी मोठी भांडी लागतात. ती तिच्याकडे होती. आईनं लग्नात दिलेले गंज, पराती, पितळी गुंड, एकूण बारा नग. पण ती सासरच्या माळ्यावर होती आणि सासू म्हणत होती, ही आमची.

महिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या एका केंद्रात तिनं अर्ज दिला होता. सासरच्यांनी तिथं सांगितलं, मंदाकिनीचं नाव एकाही भांड्यावर नाही. खरंच नव्हतं. सात भांड्यांवर एक झाड, झाडाखाली पार, शेजारी बत्ती आणि बांगडी. सासू म्हणाली, हे देवळाचं चित्र आहे, आम्ही नवसाची भांडी केली होती.

‘‘ते माह्यं नाव हाय, चाचा,’’ पारबती म्हणाली. ‘‘तुमच्या अब्बांनी घातलं. माह्या आईले लिहता-वाचता येत नव्हतं, मले बी नाही येत. आईनं सांगतलं होतं, पोरीले समजलं पाह्यजे. तुमी येऊन सांगान का?’’

मी म्हटलं, ‘‘सांगीन नं. बाकीची पाच?’’

‘‘त्याच्यावर बी हेच होतं. पन आई आजारी होती तवा मी माहेरी दोन महिने राह्यली, वापस आली तं पाच भांड्यांवर समाधानचं नाव. घासून नवं करून आनलं. कोनं केलं, देव जाने.’’

देवाला विचारायची गरज नव्हती. मी केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिची सासू माझ्या पायरीवर आली होती, गोणीत पाच भांडी घालून. ‘‘मुनीरभाऊ, हे पोराटोरायचे चित्रं काढून टाका अन् माह्या समाधानचं नाव घाला मोठ्या अक्षरात.’’ मी भांडं हातात घेतलं आणि अब्बांचा हात ओळखला. ठिपक्यांतलं अंतर ओळखलं. आणि तरी पॉलिशच्या चाकावर धरून ते घासलं. का? कारण हे आमचं रोजचं काम. भाऊ वेगळे झाले की वाटणीत आलेल्या भांड्यांवर नवी नावं पडतात, जुनी मिटतात. कुणाचं मिटवलं आणि का मिटवलं, हे विचारायचं नाही आणि नंतर कुणाला सांगायचं नाही, ही आमच्या धंद्याची रीत. ती पाळली म्हणून लोक विश्वासानं येतात. आणि दुसरं, खरं कारण असं की मला माझी मशीनची अक्षरं अब्बांच्या चित्रांहून चांगली वाटत होती.

पारबतीला मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. चहा पाजला आणि येतो म्हणालो.

मेघाला फोन केला. तिला पाच भांड्यांचं सांगितलं नाही, सातांचं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘तुमचं एकट्याचं कोण ऐकेल? ते म्हणतील, चाचा हवं ते वाचतात. ज्याला काहीच सांगितलेलं नाही, अशा माणसाकडून वाचून घेऊ. माझ्या आजीला आणते.’’

ठरलेल्या दिवशी आम्ही केंद्रात जमलो. टेबलामागं मॅडम, तिशी-पस्तिशीच्या, कामाच्या ढिगाऱ्याला कंटाळलेल्या पण बोलायला नीट. एका बाकावर सासू आणि समाधान, दुसऱ्यावर पारबती. बाराही भांडी जमिनीवर मांडलेली. समाधान सगळा वेळ मोबाइलकडं बघत होता. मेघानं आपले पेन्सिलीचे कागद टेबलावर पसरले आणि मॅडमना मण्याची खूण दाखवली. ही सुमनच्या भांड्यावर, ही मनकर्णाच्या, दोन्हीकडं आवाज ‘मन’. हा पार पारूबाईच्या भांड्यावर. ही बांगडी सगळ्या बायांच्या नावांमागं, एकाही पुरुषाच्या नावामागं नाही. मॅडम पुढं वाकून बघू लागल्या.

सासू म्हणाली, ‘‘हे सगळं पोरीनं घरी बसून काढलं असंन.’’

मेघाची आजी बाहेर व्हरांड्यात बसवलेली होती. तिला एवढंच सांगितलं होतं की एक भांडं बघायला चल. आत आली, मनकर्णाबाई, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत. मॅडमनी स्वतः उठून एक गंज तिच्यापुढं ठेवला आणि विचारलं, ‘‘आजी, हे काय काढलंय?’’

आजीनं चष्मा नाकावर खाली ओढला. बोट फिरवलं. ‘‘हा पार हाये.’’

‘‘देवळाचा?’’

‘‘देऊळ कुठं हाये याच्यात? झाड हाये. पार. अन् हे बत्ती.’’ ओठ हलले. ‘‘पार... बत्ती. पारबती. हे बांगडी, म्हंजे बाई. पारबतीबाईचा गंज हाये हा.’’ मग तिनं मान वर केली. ‘‘कोन हाये पारबतीबाई? कुठं राह्यते?’’

बाकावर बसलेल्या पारबतीनं तोंडावर पदर घेतला. इतक्या वर्षांत त्या घरातल्या कुणी तिला त्या नावानं हाक मारली नव्हती, आणि एका अनोळखी म्हातारीनं भांड्यावरून मारली.

मॅडमनी तिचा जन्माचा दाखला आधीच बघितलेला होता, त्यावर पारबतीच होतं. त्या सासूला म्हणाल्या, ‘‘ही सात भांडी यांची. यावर आता वाद नको.’’

सासूही कच्ची नव्हती. ‘‘बरं, सात घेऊन जा म्हना. पन ह्या पाचावर माह्या पोराचं नाव साफ लिहेल हाये. हे तं वाचता येते नं मॅडम तुमाले?’’

वाचता येत होतं. माझंच अक्षर होतं, झोकदार. मॅडमनी पारबतीकडं बघितलं. ती म्हणाली, ‘‘ते बी माहेच हायेत. त्याच्यावर बी चित्र होतं.’’

‘‘होतं म्हणून कसं चालेल? काही खूण आहे का?’’

खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हतं, मला सोडून. मी गप्प बसलो असतो तर सात भांडी मिळवून दिल्याचं पुण्य घेऊन घरी गेलो असतो. मेघा मला चाचा चाचा करत राहिली असती. पाच मोठे नग मात्र, आणि पंगतीला मोठेच नग लागतात, माळ्यावर परत गेले असते. मी त्या पाचांकडे बघितलं.

मी उठलो. त्यातली परात उचलली, उलटी न करता तशीच मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, ‘‘मॅडम, बाहेरून बघू नका. नाव आहे तिथं, पण काठाच्या आतल्या बाजूनं बोट फिरवा.’’

त्यांनी फिरवलं. काही कळलं नाही. मग मी पारबतीला बोलावलं आणि तिचा हात तिथं ठेवला.

मशीन वरच्यावर ओरखडते, पत्र्याच्या पलीकडं काही जात नाही. हाताच्या ठोक्याचं तसं नाही. अब्बांचा प्रत्येक ठिपका पत्र्याला आत थोडा दाबून जाई, आणि आतल्या बाजूला बारीक पुळी येई. बाहेरून कितीही घासा, आतली पुळी राहते. ही गोष्ट फक्त हातानं काम केलेल्याला माहीत असते, आणि मी मिटवताना तिचा विचारही केला नव्हता.

पारबतीचं बोट आतून हळूहळू फिरलं, थांबलं, परत मागं गेलं. ‘‘झाड हाये,’’ ती म्हणाली. ‘‘हे पार. अन् हे... हो, हाये.’’ मेघानं लगेच आतल्या बाजूला कागद धरला आणि पेन्सिल घासली. चित्र उलटं उतरलं, बत्ती डावीकडं आणि पार उजवीकडं, पण उतरलं. मॅडमनी कागद उजेडाला धरून मागच्या बाजूनं बघितला, मग पाचही भांड्यांवर तसंच करायला लावलं.

‘‘हे तुम्हाला कसं माहीत?’’ त्यांनी मला विचारलं.

‘‘वरचं चित्र मीच मिटवलं. या बाईंनी आणलं होतं. माझ्या वडिलांच्या हातचं आहे हे ओळखलं होतं, तरी मिटवलं.’’

सासूनं माझ्याकडं अशी नजर टाकली की पायरीवर असतो तर मी उठून आत गेलो असतो. ‘‘मुनीरभाऊ, हे शोभते का तुमाले? धंद्यातली गोठ अशी चारचौघात?’’ तिचं खरं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी मिटवलेलं नाव सांगितलं होतं. त्यानंतर दोन-तीन घरांनी रस्त्यात मला ओळख दाखवायचं सोडलं, त्यांच्या वाटण्यांची भांडी माझ्या चाकाखालून गेलेली होती.

बारा नग पारबतीला मिळाले. समाधाननं सही केली तेव्हा पहिल्यांदा त्याच्या हातातला मोबाइल खाली गेला.

बाहेर रिक्षात भांडी चढवताना मी जवळ गेलो. तिनं पदर खोचलेला होता. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘‘चाचा, तुमी तं वाचलं असन त्या दिवशी. माह्यं नाव हाये हे तुमाले समजलं असन.’’

‘‘हो.’’

‘‘मंग मले एक डाव इचारलं काऊन नाही? माहेर काही लांब नव्हतं माह्यं.’’

मी खाली राहिलेला गुंड उचलून रिक्षात ठेवला. रीत होती, असं तिला सांगायला जीभ उचलेना. मेघा आजीला धरून उभी होती आणि तिनंही माझ्याकडं बघितलं नाही. नंतर तिचा फोन आला, कामाचं बोलली, पण पहिल्यासारखं मोकळं व्हायला तिला बरेच दिवस लागले. चूक माझी होती आणि ती मला अजून टोचते. शिक्षण नसलेल्या माझ्या बापानं त्या पोरीला तिचं नाव वाचता येईल असं केलं होतं, आणि दहावी शिकलेल्या मी ते घासून टाकलं.

संक्रांतीच्या सुमारास पारबती घरी आली. मालवाहू रिक्षातून ती पाच भांडी उतरवून तिनं माझ्या ओट्यावर मांडली. काम सुरू झालं होतं, दोन लग्नं आणि एक बारसं झालं होतं. म्हणाली, पंगतीत भांडी इकडची तिकडं होतात, लोक अक्षर वाचून म्हणतात की ही समाधानची, आणि तिकडं पोचवायला निघतात.

मी एक परात हातात घेतली, बोटानं पत्रा दाबून पाहिला. ‘‘हे नाव मी काढू शकत नाही, बेटा. एकदा घासलेलं आहे. परत घासलं तर पत्रा फाटेल.’’

‘‘राहू द्या त्याचं. मले भांड्यात सैपाक कराचा हाये, त्याच्या नावात नाही. माह्यं घाला बाजूले.’’

मशीन मी विकून टाकलेली. अब्बांचा टोच्या आणि हातोडी पेटीत होती. ठोकळा शोधून काढला, पोतं अंथरलं, परात मांडीशी धरली. मग हात थांबला. आयुष्यभर मी एकच प्रश्न विचारत आलो, काय नाव घालू? पण तो नेहमी भांडं घेऊन आलेल्या माणसाला विचारला. ज्याचं भांडं, त्याला विचारल्याचं मला आठवत नव्हतं.

‘‘काय नाव घालू?’’ मी विचारलं. ‘‘मंदाकिनी का पारबती? अक्षरात का चित्रात?’’

‘‘पारबती,’’ ती म्हणाली. ‘‘चित्रात. माह्यासंगं काम करनाऱ्या बायायले बी समजलं पाह्यजे.’’

झाड जमलं. पार जमला. बत्तीपाशी हात थरथरला, टोच्या घसरला आणि ज्योत एकीकडं कलली, वारा सुटल्यासारखी. मी हातोडी खाली ठेवली. ‘‘चुकलं,’’ म्हणालो. ‘‘अब्बांसारखं नाही आलं.’’

पारबतीनं परात माझ्या मांडीवरून उचलली, आधी बाहेरून बघितली, मग आतून बोट फिरवलं.

‘‘असू द्या, चाचा,’’ ती म्हणाली. ‘‘वाचता येते मले.’’ आणि परात बाजूला ठेवून तिनं दुसरं भांडं माझ्यापुढं सरकवलं.